मास्तर मास्तरांशी बोलतात तेव्हा

वर्धा शहरापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर असलेल्या सेवाग्रामचे मूळ नाव सेगाव. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी तेथे राहावयास गेले आणि देशाच्या चारी दिशांनी त्या लहानशा खेड्याकडे टपालाचा ओघ सुरू झाला. परंतु तिकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव होते. ते रेल्वेवरचे, यात्रेचे आणि टपाल खात्याच्या चांगल्या परिचयाचे. सेगावची पत्रे वाट चुकून शेगावला जाऊ लागली. अखेर १९४० साली सेगावचे नावच बदलून सेवाग्राम असे ठेवण्यात आले. टपालाच्या घोटाळ्यापायी एका गावाचे नाव बदलते, यावरून त्या काळी त्या गावाला पत्रांचे केवढे महत्त्व होते हे ध्यानात येईल.

या टपालातून चाललेल्या राजकारणाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला येथे सांगावयाचे आहे ते शाळामास्तरांविषयी. एका मास्तराचे म्हणणे दुसऱ्या मास्तराच्या कानी कसे जाते, कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट कोणाच्या ताब्यात असते, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. पण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. आज प्रत्येक गुरुजींच्या आणि बाईंच्या खिशात किंवा पर्समध्ये फोन आहे, त्यात व्हॉट्सॲपचे दहा-बारा ग्रुप आहेत, आणि ही गोष्ट जगात प्रथमच घडत आहे असा आपला समज आहे. ती प्रथम घडत नाही.

खेड्यातल्या शिक्षकाइतका एकटा व्यावसायिक दुसरा नाही. वकिलाला बार रूम असते. डॉक्टर आपल्या अडलेल्या रोग्याविषयी दुसऱ्या डॉक्टराशी बोलतो. सुताराचा मुलगा बापाशेजारी बसून रंधा धरावयास शिकतो. द्विशिक्षकी शाळेतल्या मास्तराने काय करावे? सोबतचा शिक्षक रजेवर गेला की चार इयत्ता त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडतात. एखाद्या मुलाला हातच्याची वजाबाकी का येत नाही हे विचारावे तर विचारणार कोणाला? ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षांपूर्वी काय सांगितले होते ते आठवत बसावे, किंवा साहेब तपासणीला आले म्हणजे धीर करून विचारावे. पण तपासणीला आलेल्या साहेबांपुढे आपले अज्ञान उघडे करण्याइतका भोळा मास्तर मी अजून पाहिलेला नाही.

ही अडचण ओळखून मराठीत फार लवकर एक सोय झाली होती. १८६१ साली पुण्यास 'मराठी शाळापत्रक' निघाले. नावावरूनच दिसते की ते शाळांसाठी, म्हणजे मुख्यतः शिक्षकांसाठी होते. सरकारी विद्याखात्याचे ते पत्र. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीची धार आपणांस 'निबंधमाले'वरून ठाऊक आहे. ती धार शाळापत्रकातही उतरली, मिशनऱ्यांवर आणि सरकारवर टीका होऊ लागली आणि १८७५ साली सरकारने पत्र बंद केले. गंमत अशी की वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास सुरू केली तीही त्याच वर्षी. शाळापत्रकाच्या या हकिगतीत पुढच्या दीडशे वर्षांची सगळी कथा थोडक्यात येऊन गेली आहे असे मला वाटते. शिक्षकांना बोलण्यासाठी ओटा सरकारने बांधून द्यावयाचा, त्यावर लोक मोकळेपणाने बोलू लागले की सरकारने अस्वस्थ व्हावयाचे, आणि मग ओटा तरी जावयाचा नाही तर बोलणे तरी.

आता वर्ध्याकडे वळू. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे. पुण्याचे वारे येथवर पोचावयास वेळ लागे. पण १९३७ साली वारा उलट वाहू लागला, म्हणजे वर्ध्याहून सगळ्या देशाकडे.

निमित्त घडले ते मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे. हेच विद्यालय पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखले गेले. त्या आधी काही महिने गांधीजी 'हरिजन' साप्ताहिकातून शिक्षणाविषयी लिहीत होते. मुलाला हस्तव्यवसायातून शिकवावे आणि त्या व्यवसायाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च जमेल तितका भागवावा, असा त्यांचा विचार. त्यावर देशभरातून आक्षेप येत आणि गांधीजी ते छापून त्यांना उत्तरे देत. श्रीमन्नारायण अग्रवाल तेव्हा विद्यालयाचे काम पाहत. महोत्सवाच्या निमित्ताने या वादाची समोरासमोर चर्चा करावी असे ठरले आणि २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. जाकिर हुसेन, विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, प्रोफेसर के. टी. शहा आणि काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांतील शिक्षणमंत्री अशी मंडळी जमली होती.

या परिषदेविषयी आपल्याकडे एक भाविक समजूत आहे, की महात्माजींनी सांगितले आणि सर्वांनी माना डोलावल्या. तसे झालेले नाही. शाळेतल्या मुलांनी काढलेले सूत आणि केलेल्या वस्तू बाजारात आल्या तर तोच धंदा करणाऱ्या गरीब कारागिराच्या पोटावर पाय येईल, असा आक्षेप के. टी. शहांनी घेतला. स्वावलंबनाच्या मुद्द्यावर फार भर देऊ नये, असा इशारा जाकिर हुसेन यांनी दिला. अखेर चार ठराव झाले. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले शिक्षण हे पहिले तीन. आणि अशा पद्धतीतून शिक्षकांचा पगार हळूहळू निघू शकेल अशी अपेक्षा हा चौथा. जाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने सहा आठवड्यांच्या आत, २ डिसेंबर १९३७ रोजी, आपला अहवाल सादर केला. हल्लीच्या समित्यांची चाल पाहता हा वेग थक्क करणारा आहे!

समितीने आखलेल्या वेळापत्रकात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा आहे. त्यातले ३ तास २० मिनिटे मूळ हस्तव्यवसायाला. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना अर्धा तास, आणि व्यायाम व सुट्टी यांना दहा-दहा मिनिटे. गणिताला इतका थोडा वेळ कसा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की गणित टकळीतच होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. मुलाने दिवसभरात किती सूत काढले, गुंडी पुरी व्हावयास किती तार उणे आहेत, आठ मुलांचे मिळून किती झाले, कापूस किती लागला आणि वाया किती गेला, हे सगळे हिशेब मुलाला स्वतःच्या हातच्या सुतावर करावयाचे होते. आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी परदेशच्या बाजारात होते. तेव्हा येथल्या मुलाला कापूस नवा नव्हता. नवी होती ती मास्तराची परीक्षा.

माझ्या विषयाच्या दृष्टीने वर्धा योजनेचे खरे महत्त्व येथे आहे. टकळीतून भूगोल कसा शिकवावा हे देशात कोणालाच ठाऊक नव्हते. विनोबांना सूत कातण्याचे शास्त्र ठाऊक होते, जाकिर हुसेन यांना शिक्षणशास्त्र ठाऊक होते; परंतु सहा-सात वर्षांच्या तीस मुलांपुढे टकळी घेऊन उभ्या राहिलेल्या मास्तराला उद्या सकाळी काय करावयाचे हे सांगणारे पुस्तक जगात नव्हते. म्हणून ते पुस्तक शिक्षकांनाच मिळून लिहावे लागणार होते. एकाने करून पाहावयाचे, फसले तर फसले म्हणून सांगावयाचे, दुसऱ्याने त्यात दुरुस्ती करावयाची. या योजनेत शिक्षकांचे आपसांतले बोलणे ही वेळ मिळाल्यास करावयाची गोष्ट नव्हती. त्यावाचून ती योजना एक आठवडाही चालली नसती.

त्यासाठी केवढा खटाटोप झाला पाहा. १९३८ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे सेवाग्रामला बसले. चालक होते आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य. ते सिंहलद्वीपाचे तमिळ, त्या बंगाली. दोघांनीही शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सहवासात काम केलेले. त्याच वर्षी वर्ध्यास विद्यामंदिर ट्रेनिंग स्कूल सुरू झाले. निरनिराळ्या प्रांतांतून शिक्षक शिकावयास येत, येथे झाडलोट करीत, स्वयंपाक करीत, संडास साफ करीत, कातीत, आणि मग आपापल्या मुलखात परत जात. संघाचे 'नई तालीम' हे मासिक होते. मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद १९३९ साली पुण्यास, दुसरी १९४१ साली दिल्लीस जामियानगरात आणि त्यानंतरची १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला भरली. दरम्यान मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते, ओरिसात सरकारने या शाळा बंद करून टाकल्या होत्या, ४२ ची धरपकड होऊन गेली होती. तरी लोक आले. सेवाग्रामच्या परिषदेत शिक्षणाची व्याप्ती सात वर्षांवरून सगळ्या आयुष्यापर्यंत नेण्याचा विचार झाला, तो शिक्षकांच्या अनुभवांतून वर आला होता. लहान मुलांच्या वर्गाचे काम शांताबाई नारूळकरांनी पाहिले आणि ते कसे केले ते लिहून ठेवले. मार्जोरी साइक्स या इंग्रज बाई १९४९ पासून येथे राहिल्या आणि त्यांनी पुढे नई तालीमचा इतिहास लिहिला. ही सगळी लिहिणारी माणसे होती, म्हणून त्यांचे आज आपल्याला कळते.

वर्ध्यात हे चालले होते त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच फ्रान्समध्ये एका खेडेगावच्या मास्तराला हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सुचली होती. सेलेस्तँ फ्रेने हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला इजा झाल्यामुळे त्याला वर्गात मोठ्याने फार वेळ बोलता येत नसे. १९२४ साली त्याने शाळेत एक हाताचे छापयंत्र आणले. मुलांनी आपला मजकूर स्वतः खिळे जुळवून छापावयाचा. १९२६ साली त्याने दूर ब्रिटनी प्रांतातल्या दुसऱ्या एका शाळेशी संधान बांधले आणि दोन्ही शाळांची मुले एकमेकांना आपापली छापील पाने पाठवू लागली. समुद्रकाठच्या मुलांना डोंगरातल्या मुलांचे जीवन कळले, आणि त्याबरोबर दोन मास्तरांचीही गाठ पडली. पुढे अशा शिक्षकांची सहकारी मंडळी उभी राहिली. मुलांचे शिकणे आणि मास्तरांचे शिकणे एकाच छापयंत्रावर चालले होते. फ्रेनेलाही पुढे गावातल्या विरोधामुळे सरकारी शाळा सोडावी लागली, हे ओघाने आलेच.

मग आपल्याकडे हे सर्व आटले कसे? स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे सरकारी धोरण झाले, शाळांच्या पाट्या बदलल्या, आणि टकळ्या मागवण्याचे पत्रक निघाले. पूर्वी मास्तर एकमेकांना काय विचारीत? अमुक धडा टकळीवर कसा बसविला. आता वरून विचारणा होऊ लागली, की टकळ्या किती, पैकी चालू किती, सूत किती वजनाचे. फसलेला प्रयोग फसला म्हणून कळविण्याची सोय त्या तक्त्यात नव्हती. ज्यांच्या अध्यक्षतेखाली योजना आखली गेली त्या जाकिर हुसेन यांनीच तिच्या या सरकारी रूपाविषयी पुढे उघड नापसंती बोलून दाखविली. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मूलोद्योगातली तत्त्वे उत्तम म्हणून गौरविली, शिक्षणाचा कोणताही एक टप्पा त्या नावाने ओळखू नये असे म्हटले, आणि कार्यानुभव नावाचा एक तास मागे उरला. या अपयशाची कारणे पुष्कळ सांगतात. इंग्रजी शाळेची ओढ, पालकांचा विरोध, गिरणीचे स्वस्त कापड. ती खरीही आहेत. मी त्यांत एकच भर घालतो. ज्या दिवशी शिक्षकांचे आपसांतले बोलणे थांबून वरून खाली येणारे पत्रक तेवढे उरले, त्या दिवशी योजनेतला जीव गेला होता. नंतर फक्त तिचे अंत्यविधी रेंगाळले.

मधल्या काळावर फार थांबावयाचे कारण नाही. मासिके निघत राहिली. तारा‍बाई मोडकांची 'शिक्षणपत्रिका' बालशिक्षणाचे काम करणाऱ्यांना आधार देऊन गेली. १९९४ मध्ये महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आले आणि दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसू लागले. ही बैठक चांगल्या केंद्रप्रमुखाच्या हाती असली तर मोलाची होई; नसली तर चहा आणि माहिती गोळा करणे, इतकेच.

आणि मग २०१५ च्या सुमारास एकदम बांध फुटला. त्या वर्षीच्या जून महिन्यात राज्य शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला. त्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांचा बोलबाला झाला होता. फरशीवर आखलेली अंकजाळी, दगड-काड्या-मण्यांनी शिकवलेले गणित, गटागटाने बसलेली मुले हे पाहावयास राज्यभरातून हजारो शिक्षक तेथे जाऊन आले. जे गेले त्यांनी फोनवर छायाचित्रे काढली, आणि जे गेले नाहीत त्यांना ती त्याच रात्री पोचली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या शाळेने लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग केला, त्याची बातमीही अशीच पसरली. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि आष्टी-कारंजाकडच्या रानातल्या शाळेपासून समुद्रपूरच्या टोकापर्यंत शिक्षकांचे ग्रुप झाले. विषयाचे ग्रुप, इयत्तेचे ग्रुप, पहिली शिकविणाऱ्यांचे, इंग्रजीचे, कवितेला चाली लावणाऱ्यांचे. कोणी यूट्यूबवर धडे चढवू लागले, कोणी फेसबुकवर आपल्या वर्गाची रोजनिशी लिहू लागले.

पहिल्या दोन-तीन वर्षांतला हा उत्साह ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून पटणार नाही. जोडाक्षरे वाचताना मूल अडखळते, काय करावे, असा प्रश्न रात्री नऊ वाजता टाकला तर दहा वाजेपर्यंत लातूरहून, धुळ्याहून, कोकणातून उत्तरे येत. आणि विचारणाऱ्याला लाज वाटत नसे, कारण उत्तर देणारा साहेब नसून त्याच्यासारखाच चार इयत्ता सांभाळणारा मास्तर असे. १९३८ साली सेवाग्रामला जो मास्तर मासिकाच्या पुढल्या अंकाची वाट पाहत होता त्याला हे दिवस पाहावयास हवे होते. सुनेला घरकाम आटोपल्यावरच मोकळीक मिळते अशा आपल्या समाजात शिक्षिकांना तर हा मोठाच लाभ झाला. पूर्वी परिषदेला जावयाचे म्हणजे प्रवास, मुक्काम, घरची परवानगी. आता ओट्यावर बसून परिषद.

वर्गातही त्याचा उपयोग झाला. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत चिकटविले. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे संकेत छापले गेले. आपल्या मुलांची परदेशातल्या, अगदी वैर असलेल्या देशांतल्या मुलांशीही पडद्यावरून गाठ घालून देण्याचा त्यांचा उपक्रम फ्रेनेच्या छापील पानांचाच नातू म्हणावयास हरकत नाही. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरांचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्याच वेळी सांगितले. बक्षिसाच्या आकड्याची चर्चा फार झाली, वाटणीची कमी झाली. मला वाटणी अधिक बोलकी वाटते.

त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या होत्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज फोनवरून पाठविण्यास सुरुवात केली. पुण्याहून निघालेला संदेश जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत शिक्षकाकडे आणि शिक्षकाकडून पालकाच्या फोनवर जाई. त्यात केंद्राच्या 'दीक्षा' या संचातले धडे जोडलेले असत. २०२० च्या नोव्हेंबरात 'स्वाध्याय' ही व्हॉट्सॲपवरची प्रश्नावली आली. योजना म्हणून यात काही वाईट नव्हते. पण त्या वर्षीच्या सप्टेंबरातल्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला, आणि पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले होती सुमारे एक तृतीयांश. ज्यांच्या घरी फोन होता त्यांच्याही घरी तो बापाबरोबर सकाळीच शेतावर जाई. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप संध्याकाळी सातला परततात. तेव्हा आलेला धडा मूल रात्री पाहणार, तोही बॅटरी उरली असली तर.

म्हणून अनेक शिक्षक फोन खिशात ठेवून गावात गेले. देवळाच्या ओट्यावर, समाजमंदिरात, झाडाखाली चार-चार मुले अंतरावर बसवून त्यांनी शिकविले. पालघर जिल्ह्यात काही ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले. त्या वेळी शिक्षकांच्या आपसांतल्या ग्रुपांवर जे बोलणे चाले ते, माझ्या मते, आपल्या शिक्षणाच्या इतिहासातले फार मोलाचे साधन आहे. फोन नसलेल्या मुलापर्यंत काय केले म्हणजे पोचता येते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शासननिर्णयात नव्हते. टकळीच्या वेळेसारखेच ते शिक्षकांनी मिळून शोधले.

परंतु ज्या वाटेने मास्तरांचे बोलणे चालले होते त्याच वाटेने आता हुकूमही येऊ लागले होते. सरल, यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, आधारची जुळवणी, आणि 'तातडीचे', 'आजच', 'एक तासात' असे मथळे असलेले तक्ते. केंद्राचा ग्रुप हा हळूहळू कचेरीचा आवक-जावक झाला. रात्री साडेनऊला माहिती मागितली जाते आणि निळ्या खुणा उमटल्या की पाहिल्याचा पुरावा होतो. अशा जागी हातच्याच्या वजाबाकीचा प्रश्न कोण विचारणार? २०२४ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांविषयीच्या धोरणाविरुद्ध जिल्हा परिषद शिक्षकांनी राज्यभर आंदोलन केले, तेव्हा प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपांतून बाहेर पडणे हा आंदोलनाचाच एक भाग होता. पूर्वी संपावर जाणारे लोक हत्यारे खाली ठेवीत. येथे ग्रुप सोडले गेले. मग २८ जुलै २०२५ रोजी शासनाने समाजमाध्यमांच्या वापराविषयी परिपत्रक काढले. ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याने जिल्हा परिषदेचे शिक्षकही त्यात आले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, असे त्यात आहे. गोपनीय कागद आणि मुलांची छायाचित्रे सांभाळावीत याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. मुलांचे फोटो चव्हाट्यावर टाकण्याची जी हौस बोकाळली होती तिला आळा बसलाच पाहिजे. पण एखादी पद्धत वर्गात चालत नाही असे शिक्षकाने सांगितले तर ती टीका की अनुभव, याचा निवाडा कोण करणार? विष्णुशास्त्र्यांच्या शाळापत्रकाची आठवण येथे होते ती उगाच नव्हे.

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यापुढे यापेक्षाही एक मोठी अडचण आहे. १९३७ च्या परिषदेत के. टी. शहा काय म्हणाले हे मला कळते, कारण तालिमी संघाने कामकाज छापून ठेवले. अहवालातले वेळापत्रक मिनिटामिनिटाने सांगता येते. शांताबाईंचा अनुभव पुस्तकात आहे. उलट २०१६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या बाईंनी जोडाक्षरांसाठी कोणती युक्ती काढली आणि २०२० च्या पावसाळ्यात कोणत्या गावातल्या मुलांना कोठे बसवून शिकविले, हे शोधावयाचे तर साधन कोठे आहे? ते फोनात होते. फोन भरला म्हणून पुसले, फोन बदलला म्हणून गेले, ग्रुप सोडला म्हणून तुटले. सेगावची पत्रे शेगावला गेली तरी ती कोठे तरी होती. टपालाचा शिक्का असलेला कागद नव्वद वर्षांनी पेटीत सापडतो. नऊ वर्षांपूर्वीचा संदेश सापडत नाही.

सेवाग्रामला नई तालीम समितीने २००५ साली आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू केली. तेथे मुले आजही शेतात काम करतात, स्वयंपाकात हात घालतात, कातायला बसतात. शिवाय आपल्याकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे आणि आठही तालुक्यांत केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात. या श्रोतृवर्गात निवृत्त आणि कार्यरत शिक्षक, शिक्षिका पुष्कळ आहेत असे मला दिसते. आपल्यापैकी ज्यांच्या जुन्या फोनात त्या वर्षांतले काही शिल्लक असेल, त्यांनी मुलांची नावे आणि छायाचित्रे वगळून ते वहीत उतरवून काढावे, खाली गाव, इयत्ता आणि तारीख घालावी, जमले नाही ते जमले नाही म्हणून लिहावे, आणि ती वही आपल्या गावच्या वाचनालयात नोंद करून द्यावी. शंभर पानी वही या कामास पुष्कळ झाली. फोन बंद पडलेला असेल तर दुरुस्तीवाल्याकडे एकदा चौकशी करण्यास हरकत नाही. कधी कधी आतला मजकूर निघतो.